जमायचं, जमलं, जमलं असतं

१७६० च्या ऑक्टोबरअखेर अहमदशहा अब्दालीला बागपतजवळ यमुना ओलांडता आली. पावसाळा सरला होता, पण नदीचं पाणी म्हणावं तसं उतरलं नव्हतं. माणसं आणि जनावरं वाहून गेली तरी त्याने फौज अलीकडे आणलीच, आणि कुंजपुरा जिंकून उत्तरेत असलेले सदाशिवरावभाऊ आणि दिल्ली यांच्या मधोमध तो येऊन बसला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

आता यातलं पहिलं वाक्य इंग्रजीत करायचं. ओल्ड राजेंद्र नगरमधल्या एखाद्या लायब्ररीत बसलेल्या, इतिहास कोळून प्यायलेल्या मराठी मुलामुलींना ते करायला दिलं, की हमखास उत्तर येतं: 'अब्दाली कुड क्रॉस द यमुना.' कर्ता जागेवर, क्रियापद जागेवर, 'कुड'च्या पुढे मूळ रूप, शाळेत शिकवलेलं सगळं पाळलेलं. इंग्रजी मातृभाषा असलेला वाचक मात्र इथे अडखळतो. नदी ओलांडण्याची ताकद अब्दालीत होती, एवढं त्याला कळतं. ओलांडली की नाही, ते कळत नाही. पानिपत झालं की नाही असा संशय यावा, इतका घोटाळा त्या एका शब्दाने होतो.

'अब्दाली वॉज एबल टु क्रॉस' म्हटलं, की फौज अलीकडे येते. 'मॅनेज्ड टु क्रॉस' म्हटलं, की ती भिजून, धापा टाकत येते. आणि नुसतं 'क्रॉस्ड' म्हटलं तरी कुणाचं काही अडत नाही.

या पुस्तिकेचा विषय एवढाच आहे: पूर्वी एखाद्याला काय जमायचं, एखाद्या प्रसंगी काय जमलं आणि काय जमलं असतं पण राहून गेलं, हे इंग्रजीत कसं सांगायचं. शालेय व्याकरणात या विषयाला अर्धं पान मिळतं. 'कॅन' वर्तमानकाळी, 'कुड' त्याचा भूतकाळ, दोन उदाहरणं, रिकाम्या जागा भरा, पुढचा धडा. त्या अर्ध्या पानात खोटं काही नाही. पण मुलाखतीत, ऑफिसच्या मेलमध्ये, इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत गाडी रुतते ती नेमकी न छापलेल्या दुसऱ्या अर्ध्या पानावर.

पुस्तिका दिल्लीत लिहिली गेली, त्यामुळे तिचा वाचकही दिल्लीतलाच डोळ्यांसमोर आहे. त्यात यूपीएससीसाठी लातूर, नगर, साताऱ्याहून येऊन राजेंद्र नगर आणि मुखर्जी नगरच्या पीजीत राहणारी मुलं आहेत. गुरुग्राम आणि नोएडाच्या कंपन्यांत नोकरी करणारी मंडळी आहेत. आणि ज्यांचे आजोबा सरकारी नोकरीनिमित्त इथे आले, जे पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत शिकले, घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि कागदावर इंग्रजी अशा तीन भाषांत ज्यांचा दिवस जातो, तेही आहेत. या तिघांच्या इंग्रजीत 'कुड' सारखाच घसरतो. मात्र घसरण्याची कारणं वेगळी आहेत, आणि ती शोधताना मला इंग्रजीपेक्षा मराठीच जास्त चाळावी लागली.

मराठीत काय होतं ते पोहण्यावरून पाहू. 'लहानपणी मला पोहता यायचं.' 'त्या दिवशी मला पलीकडपर्यंत पोहता आलं.' 'मला पोहता आलं असतं.' 'शकणे' घेतलं तरी हेच तीन घाट: 'मी पोहू शकत होतो', 'मी पोहू शकलो', 'मी पोहू शकलो असतो.' धातू तोच, फरक सगळा शेवटच्या रूपात. 'यायचं' आणि 'शकत होतो' अंगी असलेलं सांगतात. ते कुठल्या एका दिवसाला बांधलेले नाहीत. 'आलं' आणि 'शकलो' एका प्रसंगाबद्दल बोलतात, आणि त्या प्रसंगी गोष्ट घडली याची हमी देतात. 'असतं', 'असतो' आलं की गोष्ट घडली नाही हे पाच वर्षांच्या पोरालाही समजतं. म्हणजे इंग्रजीत आपल्याला जो भेद शिकायचा आहे, तो आपण दूधभाताबरोबरच शिकलेलो आहोत. गडबड कुठे होते, तर भाषांतर करताना आपली नजर 'शक' वर जाते आणि 'लो' वर जात नाही. 'शक' दिसला, 'कुड' लिहून मोकळे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी शब्दाला शब्द ठेवण्याची जी सवय आपल्या पणजोबांना लावली, ती या एका ठिकाणी चांगलीच अंगाशी येते.

तेव्हा शेपटाकडे बघायचं. 'यायचं', 'येत होतं', 'शकत होतो' असेल तर 'कुड' बेधडक लिहावं. 'आलं', 'शकलो', 'जमलं' असेल तर 'वॉज एबल टु', 'मॅनेज्ड टु' किंवा सरळ साधा भूतकाळ. 'असतं' असेल तर 'कुड हॅव' आणि क्रियापदाचं तिसरं रूप. मूळ धडा इथे संपला म्हटलं तरी चालेल.

पण इंग्रजीला हा भेद 'कुड'मध्येच का दाखवता येत नाही, असा प्रश्न चांगला विद्यार्थी विचारतोच. भाषाशास्त्रज्ञ राजेश भट्ट यांनी १९९९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात याच्या मुळाशी हात घातला होता, आणि त्यांचा एक मोठा पुरावा दिल्लीच्या रस्त्यावर रोज ऐकू येणाऱ्या भाषेतला होता: हिंदीतलं 'सका' आणि 'सकता था'. 'सका' म्हटलं की क्रिया झालेलीच असते. 'सकता था' म्हटलं तर झाली असेल किंवा नसेलही. फ्रेंच आणि ग्रीक भाषांतही असा भेद दिसतो. ज्या भाषेत क्रिया पुरी झाली की चालू होती हे क्रियापदाचं रूपच सांगतं, त्या भाषेत सामर्थ्याचं क्रियापदही ते सांगतं. इंग्रजी 'कुड'ला असं दुहेरी रूप नाही, म्हणून तो मुका राहतो. मराठीत याची परीक्षा घरबसल्या घेता येते. 'तो भिंत चढू शकत होता, पण चढला नाही.' वाक्य सुरळीत जातं. 'तो भिंत चढू शकला, पण चढला नाही.' इथे ऐकणारा म्हणतो, काय रे, शुद्धीवर आहेस ना?

शिवाय 'कुड'ला आणखी एक नोकरी आहे. 'आय कुड हेल्प यू' याचा अर्थ बहुतेक वेळा 'मी तुम्हाला मदत करू शकेन' असा असतो. हवी असेल तर सांगा, असा त्याचा सूर. भूतकाळाशी त्याचा काही संबंध नाही. गुरुग्रामच्या सायबर सिटीतल्या एखाद्या ऑफिसातून लंडनच्या ग्राहकाला मेल जातो: 'वी कुड रिझॉल्व्ह द इश्यू.' इकडे रात्र जागून काम संपवलेली मंडळी कॅब पकडून घरी गेलेली असतात. तिकडे ग्राहक वाचतो की हे लोक म्हणताहेत, आम्ही सोडवू शकू बुवा. आणि दोन शब्दांचं उत्तर येतं: 'प्लीज डू.' दुसऱ्या दिवशी सकाळच्या कॉलवर जो गोंधळ उडतो त्याचं खापर व्याकरणावर कुणी फोडत नाही. समोरचा आमचं ऐकूनच घेत नाही, असं म्हणून सगळे गप्प बसतात.

नकारात मात्र 'कुड' एकदम सरळ वागतो. 'मराठ्यांना अब्दालीला यमुनेवर अडवता आलं नाही' हे एका प्रसंगाचं वाक्य आहे, आणि तरीही 'द मराठाज कुडन्ट स्टॉप हिम' शंभर टक्के बरोबर. विद्यार्थ्यांना हा अपवाद वाटतो आणि ते तो पाठ करायला बसतात. पाठ करायची गरज नाही. अंगात ताकद असली म्हणून काम झालंच असं नाही, ही होकाराची अडचण. ताकदच नसली तर काम झालं नाही हे ओघानेच आलं, तिथे संशयाला जागाच उरत नाही. 'हार्डली', 'बेअरली', 'ओन्ली' हे अर्धे नकार, म्हणून त्यांनाही तीच सवलत. नोव्हेंबरात एखाद्या सकाळी दिल्लीच्या हवेत बाहेर पडून आल्यावर 'आय कुड हार्डली ब्रीद' म्हणायला काहीच हरकत नाही. व्याकरणाची तरी नाही.

नकाराचा विषय निघाला म्हणून मराठीच्या एका खास रूपाबद्दल सांगतो. शाळेतल्या व्याकरणात त्याला शक्य क्रियापद म्हणतात: 'मला चालवत नाही', 'त्याला बसवेना', 'आईला ते बघवलं नाही.' हे रूप जवळजवळ नेहमी नकारातच भेटतं. 'मला आज छान चालवलं' असं फारसं कुणी म्हणत नाही. मेच्या दुपारी करोल बाग मेट्रोपासून खोलीपर्यंत येताना 'चालवेना' झालं, तर 'आय कुडन्ट वॉक' लिहून भागत नाही. वाचणाऱ्याला वाटेल पाय मोडला होता. इथे पाय शाबूत आहेत, जीव थकलाय. इंग्रजी अशा वेळी 'कुड'ला एकट्याला सोडत नाही, सोबत कुणीतरी देतं: 'कुडन्ट वॉक एनी फर्दर', 'कुडन्ट बेअर टु वॉच', 'कुडन्ट ब्रिंग मायसेल्फ टु ईट'. 'खाववलं नाही' या दोन शब्दांसाठी इंग्रजीला पाच शब्द मोजावे लागतात, आणि मराठी माणूस असल्याचा थोडा आनंद मला या ठिकाणी होतो तो मी लपवणार नाही.

पंचेंद्रियांच्या बाबतीत उलटी गंमत आहे. पावसाने हवा धुऊन निघाल्यावर एका संध्याकाळी मेहरौलीतल्या गच्चीवरून कुतुबमिनार दिसत होता. एकच संध्याकाळ, एकच प्रसंग, आणि घडलेली गोष्ट. तरीही इंग्रजीत 'आय कुड सी द कुतुब मिनार' असंच येतं. 'सी', 'हिअर', 'स्मेल', 'टेस्ट', 'फील', तसंच 'अंडरस्टँड' आणि 'रिमेंबर' यांच्यापुढे 'कुड' प्रसंगालाही चालतो, कारण पाहू शकणं आणि दिसणं यांत खटपट करायला मध्ये काही उरतच नाही. पण मराठीत आपण इथे 'शकत होतो' म्हणत नाही. दिसत होता, ऐकू येत होतं, वास येत होता. 'शक' नाही म्हणून आपल्याला 'कुड' सुचत नाही, आणि 'होता' दिसतो म्हणून 'आय वॉज सीइंग द कुतुब मिनार', 'आय वॉज हिअरिंग द अजान' असं काहीतरी तयार होतं. जिथे नको तिथे 'कुड' घालणारा विद्यार्थी जिथे हवा तिथे तो गाळतो, ते असं. या प्रकरणाला पुस्तिकेत मी मुद्दाम जास्त पानं दिली आहेत.

आता 'कुड हॅव'. मराठी माणसाला हे रूप शिकवताना उदाहरणांची वाण कधीच पडत नाही. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, गोविंदपंत बुंदेले आधीच मारले गेले नसते आणि रसद पोचली असती तर, मल्हारराव होळकर थांबले असते तर. १४ जानेवारी १७६१ नंतर आपण हे वाक्य इतकं घोटलं आहे की पराभवालाच 'पानिपत' म्हणू लागलो. 'द मराठाज कुड हॅव वन.' जिंकू शकले असते, जिंकले नाहीत. आज पानिपत आणि बागपत हे दोन्ही जिल्हे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतात, तेव्हा हा सगळा धडा शिकवायला वर्गाला लांब न्यावं लागत नाही.

पण 'कुड हॅव'मध्ये हळहळ असलीच पाहिजे असं नाही, आणि हे पानिपतावरून कळत नाही. त्यासाठी २४ वर्षं मागे जावं लागतं. मार्च १७३७ मध्ये पहिले बाजीराव दिल्लीच्या वेशीवर येऊन थडकले आणि तालकटोऱ्याच्या बाजूला त्यांनी मोगल फौजेचा फडशा पाडला. त्यांना दिल्ली लुटता आली असती, जाळताही आली असती. त्यांनी तो विचार सोडून दिला, आणि तसं चिमाजीअप्पांना पत्रातून कळवलं. 'बाजीराव कुड हॅव बर्न्ट डेल्ही.' इथे पस्तावा नाही, हुकलेली संधी नाही. हातात होतं, केलं नाही, बस्स. त्याच तालकटोऱ्याच्या स्टेडियममध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा निम्म्या भाषणांत बाजीराव आले असतील. या क्रियापदाची आठवण कुणाला झाली असेल असं वाटत नाही, आणि ते योग्यच आहे.

दिल्लीतल्या मराठी घरांत या ठिकाणी हिंदी मध्ये पडते. हिंदीत 'बता सकता था' म्हणजे सांगण्याची ताकद होती असंही, आणि सांगायला हवं होतंस, सांगितलं नाहीस असंही. तेच वळण मराठीत उतरतं: 'तू मला फोन करू शकत होतास.' बोलणाऱ्याच्या मनात असतं 'करू शकला असतास'. मराठीत सूर ऐकून आपण समजून घेतो, तक्रार नाही. पण याच वाक्याचं कुणी इंग्रजी केलं, की 'यू कुड कॉल मी' होतं, आणि त्याचा अर्थ निघतो 'हवं तर मला फोन कर'. रुसवा कळवायला गेलं आणि आमंत्रण दिलं गेलं. म्हणायचं होतं ते 'यू कुड हॅव कॉल्ड मी'. हिंदीकडून घ्यायचंच असेल तर 'पाना' घ्यावं: 'कर पाया', 'पहुँच पाए'. 'मॅनेज्ड टु'ची खटपट त्यात आपसूक येते.

'कुड हॅव'चे आणखी दोन अवतार पुस्तिकेत शेवटी टाकले आहेत, कारण ते आधी भेटले तर माणूस बिचकतो. एक म्हणजे अंदाज: 'ही कुड हॅव गॉन टु पानिपत' म्हणजे गेला असेल, कुणास ठाऊक. दुसरा खराखुरा चकवा. 'आय कुडन्ट हॅव डन इट विदाउट यू.' नकार आहे, 'कुड हॅव' आहे, आणि तरीही काम झालेलं आहे. तुम्ही नसता तर माझ्याच्याने झालं नसतं, म्हणजेच तुम्ही होतात आणि झालं. परीक्षेत हे वाक्य देऊन 'काम झालं की नाही?' एवढंच विचारलं, तर भलेभले 'नाही' म्हणून मोकळे होतात.

इतकं सगळं व्याकरण एका बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते, आणि माझ्या मते मराठी माणसाच्या 'कुड'चं खरं मूळ तिथे आहे. आपल्याला 'मी केलं' म्हणायचा संकोच वाटतो. गावात रक्तदान शिबिर घेतलं, पन्नास जणांना जमवलं, दोन महिने धावपळ केली. आणि सांगताना म्हणतो, 'एक शिबिर घेता आलं.' 'थोडंफार काम करता आलं.' 'माझ्या हातून झालं.' या 'करता आलं'मध्ये सामर्थ्याचा मुद्दाच नसतो. त्यात विनय असतो: योग होता, माणसं भेटली, म्हणून झालं. 'मला' ही चतुर्थी कर्त्याला जरा मागे सरकवते. मराठीत हे शोभून दिसतं, आणि समोरच्यालाही त्यातला संकेत ठाऊक असल्याने शिबिर झालं की नाही असा प्रश्न कुणी विचारत नाही.

आता असंच शिबिर घेतलेला एक मुलगा यूपीएससीच्या धोलपूर हाउसमध्ये मुलाखतीच्या बोर्डासमोर बसला आहे. नागरी सेवा परीक्षेच्या शेवटच्या टप्प्यातले २७५ गुण समोरच्यांच्या हातात. मुलाखत मराठीतून देण्याची मुभा आहे. त्याने विचार करून इंग्रजी निवडली. परीक्षेच्या सविस्तर अर्जात, म्हणजे डॅफमध्ये, शिबिराचा उल्लेख आहे, त्यावर प्रश्न येतो, आणि तो नम्रपणे म्हणतो: 'सर, आय कुड ऑर्गनाइझ अ ब्लड डोनेशन कॅम्प इन माय व्हिलेज.' 'मला घेता आलं'चं हे इमानदार भाषांतर. ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र विनय पडत नाही, पडतो तो संशय: केलं असतं म्हणतोय, करू शकेन म्हणतोय, की केलं? भारतीय इंग्रजीला सरावलेला सदस्य असेल तर समजून घेईल. नसेल तर खोदून विचारेल, आणि मग दोन महिने राबलेला मुलगा खोटं बोलताना पकडल्यासारखा कावराबावरा होतो. असे प्रसंग सरावाच्या मॉक मुलाखतींत नेहमी दिसतात, आणि दर वेळी सल्ला एकच असतो: 'आय ऑर्गनाइझ्ड.' त्यात बढाई नाही. इंग्रजीत विनय क्रियापदात ठेवत नाहीत, तो शेजारच्या शब्दांत ठेवतात: 'विथ द हेल्प ऑफ माय फ्रेंड्स', 'वी वेअर एबल टु', 'आय वॉज लकी टु'. 'आय कुड क्लिअर प्रीलिम्स इन माय सेकंड अटेम्प्ट' ऐवजी 'आय क्लिअर्ड'. 'आय कुड कम्प्लीट माय ग्रॅज्युएशन' ऐवजी 'आय कम्प्लीटेड'. पदवी घेतली असेल तर ती घेण्याच्या क्षमतेबद्दल बोलायचं कारणच काय?

इतिहास हा वैकल्पिक विषय घेणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. १७७१ च्या फेब्रुवारीत महादजी शिंदे आणि इतर सरदारांनी दिल्ली परत घेतली, आणि १७७२ च्या जानेवारीत शाहआलम राजधानीत परतला. पानिपतानंतर दहा वर्षांत मराठ्यांनी पुन्हा उभं राहून दाखवलेला हा पराक्रम. उत्तरपत्रिकेत तो 'द मराठाज कुड रीकॅप्चर डेल्ही' असा लिहिला, की अर्धा पराक्रम वाया जातो. महादजींनी जे करून दाखवलं, ते विद्यार्थ्याने करण्याजोगं होतं एवढ्यावर आणून ठेवलं. 'मॅनेज्ड टु' चालेल, 'वेअर एबल टु' चालेल, 'रीकॅप्चर्ड' सगळ्यात उत्तम. आणि ११ सप्टेंबर १८०३ ला पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव करून दिल्ली घेतली, तेही 'कुड' न वापरता लिहावं. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्सवर उभा आहे. गोल्फ खेळणाऱ्यांतले किती जण त्याकडे बघतात कुणास ठाऊक, पण इंग्रजांची भाषा दिल्लीत शिरली ती या वाटेने, हे इंग्रजीच्या शिक्षकाला विसरता येत नाही.

'कुड'चा हा वापर चूक म्हणायचा का, यावर दुमत आहे आणि असावंही. भारतभर शिकलीसवरलेली माणसं प्रसंगाला 'कुड' वापरतात, एकमेकांना समजतात, आणि कामं होतात. ज्या भाषेत इतके लोक रोज बोलतात तिला आपला एखादा नियम करण्याचा हक्क आहे, असं मलाही वाटतं. आपसांत बोलताना कुणी 'कुड' म्हणालं तर मी टोकत नाही. पण वाचणारा भारताबाहेरचा असेल, किंवा समोर गुण देणारा बसला असेल, तर 'तुम्ही समजून घ्या' ही अपेक्षा महागात पडते. पुस्तिकेत म्हणून चूक आणि बरोबर अशा खुणा केलेल्या नाहीत. वाक्याखाली ते वाचून परक्या माणसाला काय कळेल, एवढं दिलं आहे.

या शब्दांच्या वंशावळीला एक छोटं प्रकरण आहे, ते वगळलं तरी चालेल. 'कॅन' मुळात जाणण्याचं क्रियापद. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'ठाऊक असणे' होता. 'मला इंग्रजी येतं' आणि 'मला इंग्रजी बोलता येतं' या दोन्हींत आपण एकच 'येणे' वापरतो, तसंच काहीसं. 'कुड'च्या स्पेलिंगमधला 'एल' तर निव्वळ घुसखोर आहे. 'वुड' आणि 'शुड' या शेजाऱ्यांच्या पोटात तो पूर्वीपासून होता आणि एके काळी उच्चारलाही जायचा. त्यांच्या देखादेखी तो 'कुड'मध्ये शिरला. मुळात तो त्या शब्दात नव्हताच. काही विद्यार्थी प्रामाणिकपणे 'कुल्ड' म्हणतात, त्यांना एवढा इतिहास सांगितला की पुरतो.

काही गोष्टी जाणूनबुजून बाहेर ठेवल्या आहेत. परवानगीचा 'कुड', विनंतीचा 'कुड', आणि 'ही सेड ही कुड' अशा सांगितलेल्या बोलण्यातला 'कुड' हे या पुस्तिकेचे विषय नाहीत. शेवटचा तर स्वतंत्र पुस्तिकेचा ऐवज आहे. भविष्यातलं सामर्थ्यही नाही. सरावाची वाक्यं मराठीत दिली आहेत आणि इंग्रजी तुम्ही करायचं आहे. करताना आधी मराठी वाक्य मोठ्याने म्हणा, त्याच्या मागे 'पण केलं नाही' जोडून बघा. जोडता आलं तर 'कुड' किंवा 'कुड हॅव'. जोडताना जीभ अडली तर बाकीच्यांपैकी एक. पहिल्या प्रकरणात पस्तीस वाक्यं याच कसोटीसाठी ठेवली आहेत. दुसऱ्यापासून पुढे ती प्रसंगांत गुंफली आहेत, तिथे कसोटी थोडी वाकवावी लागते.

ऐकण्याच्या सरावाबद्दल एक शेवटची सूचना. वेगात बोलताना 'कुड हॅव' हे 'कुडव' होतं, आणि मधला 'हॅव' इतका झिजतो की खुद्द इंग्रज मुलं शाळेत तो 'कुड ऑफ' असा लिहितात आणि मास्तरांच्या शिव्या खातात. आपली मुलं तशी चूक सहसा करत नाहीत, पण बोलण्यातला 'कुडव' त्यांच्या कानातून निसटतो, आणि 'जमलं असतं'चं 'जमायचं' होऊन बसतं. म्हणून चौथ्या प्रकरणातली वाक्यं सोबतच्या कोणाला तरी भरभर वाचायला सांगा, आणि ऐकणाऱ्याने पुस्तक मिटून ठेवावं.